चित्र गेल्यावरही चाललेला सिनेमा

मित्रांनो, मी ज्या तबकड्या लावतो त्या आता कुठेच बनत नाहीत, आणि माझ्यासारखी यंत्रंही बनत नाहीत. मी एक म्हातारा जपानी व्हिडिओडिस्क प्लेयर आहे. माझी तबकडी ताटाएवढी. तिला बोट लावलेलं चालत नाही, म्हणून ती चपट्या प्लास्टिकच्या पेटीत राहते. पेटी माझ्या तोंडात सारायची आणि रिकामी बाहेर ओढायची. तबकडी माझ्या पोटात राहते. तासाभराने उठून ती उलटावी लागते. आहे खरा मी थोडा कटकट्या!

कारखान्यातून निघालो तेव्हा माझं कोण कौतुक झालं! पण लवकरच नवी यंत्रं आली आणि मी एका दुकानाच्या अडगळीत पडलो. तिथून मला भाऊजींनी घरी आणलं.

भाऊजी क्रेन चालवत. दिवसभर उंचावर एकटं बसणाऱ्या या माणसाला उडणाऱ्या महानायकांचे सिनेमे जीव की प्राण. माझ्या जातीच्या तबकड्यांवरचे असे सिनेमे ते कुठून कुठून हुडकून आणत. घरात त्यांच्या विधवा वहिनी होत्या; त्या भाऊजी म्हणत, म्हणून मीही म्हणतो. त्या शिवणकाम करत आणि आधी नाक मुरडत.

"एवढा शूर गडी, आणि चड्डी विजारीवरून घालतो?"

मग त्या महानायकांच्या पाठीवरच्या झग्यांची शिवण बघायला म्हणून बसल्या, आणि बसल्या त्या बसल्याच.

पुढे भाऊजींची नजर अधू होत होत गेलीच. क्रेन सुटली. वहिनी शेजारी बसून पडद्यावरचं सांगू लागल्या, "गच्चीच्या कठड्यावर उभा आहे. उडाला बघा!"

एकदा भाऊजी म्हणाले, "वहिनी, हे यंत्र चालतंय तोवर मी इथे. मग अंधांच्या वसतिगृहात जाईन. तुम्ही किती दिवस माझे डोळे व्हायचं?"

वहिनींच्या हातातला दोरा तुटला.

मित्रांनो, त्यानंतर मी जिवाचं रान केलं. पण वय कुणाला चुकलंय? एका दुपारी, सिनेमा ऐन रंगात आला असताना, माझं चित्र गेलं. आवाज तेवढा राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वहिनींनी कोऱ्या पडद्याकडे पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "आता पुलावर उतरला. एका आजीबाईंची पिशवी उचलतोय. त्या म्हणतात, बाळा, झगा उसवलाय की रे, थांब, दोन टाके घालून देते."

भाऊजी खळखळून हसले. मग हळूच म्हणाले, "वहिनी, हा सिनेमा मला तोंडपाठ आहे. यात आजीबाई नाहीत. चित्र गेलं ना?"

"गेलं," वहिनी म्हणाल्या. "पण तुम्ही कुठे जायचं नाही."

भाऊजी चाचपडत माझ्यापाशी आले. वाटलं, आता मला कायमचं बंद करणार. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मग येऊन पुन्हा आपल्या जागी बसले.

"घातले का मग टाके आजीबाईंनी?" त्यांनी विचारलं.

वसतिगृहाचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही. आता मी फक्त आवाज देतो. बाकीचा सिनेमा वहिनी करतात, आणि दर वेळी तो निराळा असतो.

म्हणून मित्रांनो, जुनं यंत्र बिघडलं की भंगारात घालायची घाई करू नका. आधी त्याच्यावरची धूळ पुसा, आणि त्याच्यासमोर कोण बसतं ते बघा.