जॉम्रेच्या ताटातला ऑक्टोपस

उद्या मान्होच्या बायकोचं, जॉम्रेचं वर्षश्राद्ध होतं. ताटात ऑक्टोपस हवा, आणि तो आपण स्वतः धरलेला हवा, असं त्याने ठरवून टाकलं होतं. बायको चाळीस वर्षं ऑक्टोपस-शिंपले काढायला समुद्रात बुड्या मारायची आणि हा बांधापलीकडे मुळे उपटायचा. जेजू बेटावरच्या त्या गावात पुरुषांनी समुद्राच्या वाटेला जायची रीतच नव्हती. त्यामुळे पूर्ण ओहोटी झाल्यावर तो बादली घेऊन खडकांत उतरला, तेव्हा शेवाळ वाळत घालणारी चुन्ह्वा हातातलं काम टाकून त्याच्या मागोमाग आली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, जॉम्रेची बुड्यांतली जोडीदारीण.

"अहो मुळेवाले, वाट चुकलात का? शेत तिकडे राहिलं!"

"हसून घ्या अक्का. एक छोटासा मिळाला की झालं."

"छोटासा का?"

"तिला लहानच आवडायचे. मोठा कधी खाल्लाच नाही तिने."

डबक्यात एक होता. अंगठ्याएवढा, पिवळसर, गरीब. मान्होने हात पाण्यात घातला, तशी ऑक्टोपसच्या अंगावर निळी कडी उमटली. किती सुरेख! जॉम्रेला दाखवायला हवा होता. त्याने बोटं पुढे केली.

"हात काढा! काढा म्हणते ना!"

चुन्ह्वाने कॉलर धरून असा हिसका दिला की तो पाण्यातच बसला.

"विषारी आहे तो! चावला तर धड कळतही नाही. मग ओठ बधिर, मग श्वास बंद. उतारा नाही त्यावर. उद्या पोरांना दोन ताटं मांडायला लावली असतीत!"

"एवढासा तर आहे."

"आणि लहान आवडायचे म्हणे! मोठे ती बाजारात द्यायची, पोरांच्या शाळेसाठी. उरायचे ते लहान. मग दुसरं काय म्हणणार बिचारी?"

मान्हो पाण्यातून उठला. चाळीस वर्षं तो तिच्या शेजारी बसून जेवला होता.

"मोठा कुठे मिळेल?" त्याने विचारलं.

"त्या खडकाच्या फटीत असेल. पण थांबा जरा..."

त्याने खांद्यापर्यंत हात घातलासुद्धा. आतून कोणीतरी कोपरापर्यंत विळखा घातला. मान्होने जन्मभर केलं तेच केलं, जोर लावून उपटायला गेला. विळखा आणखी आवळला. भरती लागली होती, पाणी कमरेला आलं.

"ओढू नका! मुळा आहे का तो? हात सैल सोडा, मेल्यासारखा."

"पाणी चढतंय अक्का!"

"चढू दे. घाबरलात तर तो सोडणार नाही."

त्याने डोळे मिटले आणि हात सैल सोडला. पाणी छातीला लागलं. मग एकेक पकड सुटली, आणि तो प्राणी स्वतःच हातावरून वर चढत बाहेर आला. चुन्ह्वाने टोपी उलटावी तसं ऑक्टोपसचं डोकं आतबाहेर उलटं केलं, तसा तो गतप्राण झाला.

बादलीत तो मावेना.

"किती वेळ उकडायचा?" मान्होने विचारलं.

"राहू द्या, सकाळी येते मी. तुम्ही त्याचं रबर कराल."