सेवा करून घेताना

शोभाताई सोनटक्क्यांइतकी नम्र बाई चर्चच्या मंडळीत दुसरी नाही, असं सगळेच म्हणत, आणि ते खोटंही नव्हतं. मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून त्या आयुष्यभर राबल्या. निवृत्तीनंतरही चर्चच्या प्रीतिभोजनात सगळ्यांना वाढून झाल्यावरच त्या ताट घेत. कोणी आजारी पडलं की महिला मंडळातल्या बायकांच्या पाळ्या लावून घरोघर डबे पोचवत. त्यांच्या घरी मात्र कधी कोणाचा डबा आला नव्हता. तशी वेळच त्यांनी येऊ दिली नव्हती.

नोव्हेंबरात ती वेळ आली. नागपुरातल्या सदर बाजारामागच्या घरात, बाथरूममध्ये पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर चढलं. मुलगा सुशील बंगलोरहून धावत आला आणि रजा संपली तसा परत गेला. मंडळातल्या बायकांनी फोन केले, तर ताई हसून म्हणाल्या, "मला काही लागत नाही गं. माझं छान चाललंय."

छान कसलं? दूध-पाव खाऊन दिवस चालले होते. लांब केसांचा एका हाताने विंचरता न आल्यामुळे नुसता गुंता झाला होता. तसं डोकं घेऊन उपासनेला कसं जायचं, म्हणून हात दुखतो असं सांगून त्या रविवारी घरीच राहिल्या.

सोमवारी दुपारी फोन न करताच सरिता आली. पारशिवनीकडची ही पोरगी नवऱ्याच्या नोकरीपायी नागपुरात आली होती आणि वर्षभरापासून मंडळीत येत होती. हातात खिचडीचा डबा होता. तो ओट्यावर ठेवताना तिची नजर ताईंच्या डोक्याकडे गेली.

"ताई, डोकं धुऊन देऊ का जी?"

"नको. मी बघते माझं."

"एका हातानं कसं जमन?"

"नको म्हटलं ना!" ताईंचा आवाज चढला. पिशवीची घडी करून सरिता चपला घालू लागली.

तिच्या पाठीकडे बघताना ताईंना वॉर्डातल्या बायका आठवल्या. अंग पुसायला गेलं की तोंड भिंतीकडे फिरवून घ्यायच्या. 'त्यात लाजायचं काय?' असं ताई त्यांना किती सहज म्हणायच्या! लाजणाऱ्या बाईला आतून काय होतं, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं?

"सरिता," त्या म्हणाल्या, "गिझर लावावा लागेल."

बाथरूममध्ये स्टुलावर त्या वाकून बसल्या. प्लास्टरला पाणी लागू नये म्हणून सरितानं त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधली. 'अगं, आधी पाणी बघ, शाम्पू थोडाच घे,' अशी ताईंची सूचनांची सरबत्ती सुरू झाली. सरिता 'हो जी, हो जी' करत राहिली. मग तिची बोटं कानामागं, मानेवर हलकेच फिरू लागली, तशा ताई आपोआप गप्प झाल्या. आपलं डोकं असं दुसऱ्याच्या हातात शेवटचं कधी दिलं होतं, हे त्यांना आठवेना. डोळे भरून आले.

"साबण गेला का डोळ्यात?"

"नाही. तू चोळ."

केस पुसून दोघी खिचडी खायला बसल्या. ताई म्हणाल्या, "आज तू प्रार्थना कर."

सरितानं मान खाली घातली. "मले नाही जमत जी. तुमीच करा."

"का? आधी तर मंडळात करायचीस की."

सरिता चमच्यानं खिचडी सारखी करत राहिली. आणि ताईंना लख्ख आठवलं. उन्हाळ्यात मंडळाच्या सभेत सरितानं 'देवा, तुले' म्हणून प्रार्थना केली होती. आमेन झाल्या झाल्या ताई सगळ्यांदेखत हसत म्हणाल्या होत्या, "देवाशी बोलताना जरा शुद्ध बोलावं गं." बायका हसल्या होत्या. त्यानंतर सरितानं तिथं तोंड उघडलं नव्हतं, आणि ताईंच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

'मी पापी आहे' असं देवासमोर त्या रोज म्हणत. जिभेला त्याची सवय झाली होती. आता मात्र जीभ उचलेना.

"त्या दिवशी मी तुला सगळ्यांसमोर बोलले. चुकलं माझं."

"काहून असं म्हणता ताई? तुमी मोठ्या आहा. शिकवलं तं काय झालं?"

"शिकवलं नाही गं. मी तुला गप्प केलं. मला माफ कर."

सरितानं पदरानं नाक पुसलं. खिचडी निवत होती. मग तिनं डोळे मिटले.

"हे प्रभू, हे जेवण तू देलं. ताईच्या हाताचं दुखणं कमी कर. त्यायले रातच्याले चांगली झोप येऊ दे. त्या एकट्या आहेत, तुले तं माईतच आहे. आमेन."

"आमेन," ताई म्हणाल्या.

डाव्या हातात चमचा धरून त्या हळूहळू खाऊ लागल्या. शितं सांडत होती, पण त्यांनी ती लपवली नाहीत. सरिता निघाली तेव्हा त्या दारापर्यंत गेल्या. काहीतरी म्हणायचं होतं, धीर होत नव्हता.

"उद्या येशील का गं?" शेवटी त्यांनी विचारलं. "डाव्या हाताची नखं वाढलीत. मला कापता येत नाहीत."

"येतो नं जी," सरिता म्हणाली, आणि जिना उतरून गेली.