जावयाच्या चाकाआडून

मी एक जुना स्पेसर आहे. मित्रांनो, हे नाव ऐकून डोके खाजवत बसू नका. मी ॲल्युमिनियमची एक गोल चकती आहे. गाडीचे चाक आणि ते ज्यावर बसते तो हब, या दोघांच्या मध्ये मी राहतो. चाक आतल्या बाजूला घासत असेल, तर त्याला किंचित बाहेर सरकवायचे, एवढेच माझे काम. माझी जाडी तुमच्या करंगळीच्या नखाच्या रुंदीहूनही कमी. चाकाच्या आड असल्यामुळे कुणाला दिसतही नाही. पण म्हणतात ना, मूर्ती लहान पण कीर्ती महान!

माझा जन्म मानेसरचा. एका छोट्या कारखान्यात लेथवर मला असे गरगर फिरवले की मला अजून ते आठवले तरी चक्कर येते. मग माझ्या अंगाला भोके पाडली, कडा गुळगुळीत केल्या आणि जुळ्या भावासोबत मला एका खोक्यात घातले. तिथून आम्ही करोल बागेतल्या एका दुकानात आलो आणि धूळ खात पडलो. समोरच्या फळीवर रंगीत दिवे आणि कर्कश हॉर्न असत. गिऱ्हाइकांच्या त्यांच्यावर उड्या पडत. आमच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. तेव्हा मला फार वाईट वाटायचे.

मग अधिक महिना आला. सुमारे तीन वर्षांनी येणारा हा महिना जावयांच्या लाडाचा. लेक-जावयाला लक्ष्मीनारायण मानून जेवायला बोलावतात आणि जावयाला जाळीदार वस्तूचे वाण देतात. बहुतेक घरांत अनारसे किंवा बत्तासे देऊन भागते. पण करोल बागेतल्या भालचंद्रांची हौस दांडगी. मानेसरच्या कंपनीत मोटारींचे भाग तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. अनारशाला जाळी असते, तशी अलॉयच्या चाकालाही असतेच की, असे म्हणून त्यांनी नोएडातल्या जावयाला चार चकचकीत चाकांचे वाण दिले! वर तुळशीचे पान ठेवले, हळदकुंकू वाहिले. हे सगळे मला नंतर गाडीतल्या गप्पांमधून कळले.

"आजोबा, वाण मतलब गिफ्टच ना?" नात अबोलीने विचारले.

"गिफ्ट परत करता येतं, बाळा. वाण परत करत नाहीत," भालचंद्र म्हणाले आणि जावयाकडे वळले. "विक्रांतराव, येत्या रविवारी याच चाकांवरून आम्हाला फिरायला न्यायचं. बहाणा बिल्कुल चालणार नाही!"

"हो, बाबा," विक्रांत म्हणाला. तो मूळचा पुण्याचा, संगणकासमोर बसणारा, मितभाषी माणूस. सासऱ्यांपुढे त्याच्या तोंडून याहून जास्त शब्द फुटत नसत. लग्नाला इतकी वर्षे झाली, तरी दोघे एकमेकांशी पाहुण्यासारखेच बोलत.

चाके बसवायला घेतली आणि पंचाईत झाली. मागची दोन्ही झकास बसली. पुढची मात्र आतून ब्रेकला घासू लागली. भालचंद्रांनी रुंदी मोजली होती, भोके मोजली होती, पण चाक आत किती शिरते हे बघायचे राहून गेले होते.

"बाबांना सांगून टाकू या का?" विक्रांतने बायकोला विचारले.

"वेडा आहेस का, यार?" कृतिका म्हणाली. "जन्मभर गाड्यांचे पार्ट तपासलेत त्यांनी. स्वतःचंच वाण चुकलं म्हटल्यावर त्यांना घास गोड लागेल का?"

म्हणून दोघे चोरासारखे करोल बागेत आले, तेही सासऱ्यांच्या घरापासून चार गल्ल्या सोडून. दुकानदाराने आम्हाला खोक्यातून काढले. आम्ही लागल्यावर चाक ब्रेकपासून सुटले आणि मोकळे फिरू लागले. नटांना धरायला बोल्टचे पुरेसे आटेही उरले. माझा ऊर भरून आला. एवढ्यावर काम संपले होते, मित्रांनो. पण दुकानदार म्हणाला, "पीछे भी मोटे वाले लगवा लो, साहब. गाड़ी एकदम चौड़ी लगेगी!" विक्रांतला मोह झाला. मागच्या चाकांना कसलाच त्रास नव्हता, तरी तिथे आमचे दोन लठ्ठ चुलतभाऊ बसले.

रविवार उजाडला. विक्रांत गाडी चालवत होता, शेजारी कृतिका. मागे भालचंद्र, त्यांच्या पत्नी वीणाताई, मध्ये अबोली आणि मांडीवर पुरणाच्या धोंड्यांचा मोठा डबा. मागची बाजू ओझ्याने खाली बसली. पहिलाच गतिरोधक आला आणि आवाज झाला, घर्रर्र! लठ्ठ भावांनी बाहेर ढकललेला टायर वरच्या पत्र्याच्या काठाला घासत होता. विक्रांतने घाईने गाणी मोठी केली.

दुसरा गतिरोधक. घर्रर्र!

"रस्ताच खराब आहे," कृतिका म्हणाली. "आणि आईने धोंडेही जरा जास्तच भरलेत."

"माझ्या धोंड्यांना नावं ठेवू नकोस!" वीणाताई म्हणाल्या.

भालचंद्रांनी मान तिरकी करून कान लावला होता. मी पुढे बसून घाबरून गेलो होतो. पत्र्याचा काठ टायर कापत होता. भर रस्त्यात तो फुटला असता तर?

"गाडी बाजूला घ्या," भालचंद्र म्हणाले.

ते उतरले आणि गुडघ्यांवर हात टेकत मागच्या चाकाशी उकिडवे बसले. टायरवरून बोट फिरवले. मग पुढे आले आणि एक डोळा मिटून चाकाच्या जाळीतून थेट माझ्याकडे पाहू लागले. विक्रांतचा चेहरा पडला होता.

"हे काय बसवलंय?"

"स्पेसर, बाबा. पुढचं चाक ब्रेकला घासत होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही. आणि मागचे..." तो अडखळला. "मागचे नुसते दिसायला."

"दिसायला? म्हणून माझ्या नातीला कापलेल्या टायरवर बसवलंस?" भालचंद्र कडाडले. "अरे गाढवा, विक्रांत! आधी सांगायचं नाहीस का?"

कृतिकाने तोंडावर हात ठेवला.

"अहो, अधिक महिना आहे!" वीणाताई खिडकीतून ओरडल्या. "नारायणाला गाढव काय म्हणता?"

आणि विक्रांतला हसू फुटले. सासऱ्यांपुढे तो असा खदखदून पहिल्यांदाच हसत होता.

"चुकलंच माझं, बाबा," तो म्हणाला. "पण चाक मोजायला तुम्हीही चुकलात."

आता काय होणार, म्हणून मी श्वास रोखला. भालचंद्रांनी जावयाकडे रोखून पाहिले. मग कपाळावर हात मारला.

"चुकलो, बाबा, चुकलो! आण तो जॅक."

दोघांनी बाह्या सरसावल्या. लठ्ठ भाऊ निघाले, कापलेला टायर उतरला आणि तिथे डिकीतले जादा चाक बसले. मग भालचंद्रांनी माझ्या कडेवर टिचकी मारली आणि म्हणाले, "याची गरज आहे. हा राहू दे." मित्रांनो, आयुष्यात मला मिळालेली ही सर्वांत मोठी शाबासकी. त्यानंतर सगळ्यांनी डिकीशी उभे राहून काळ्याकुट्ट हातांनी धोंडे खाल्ले.

मित्रांनो, आता मी थकलो आहे, कडेला थोडे पांढरे डागही दिसतात. पण तुम्हाला कळकळीने एक सांगतो. चाक आत घासत असेल तर मला अवश्य लावा, नीट मोजून लावा. नुसती ऐट म्हणून मात्र लावू नका. लावल्यावर गाडी थोडी चालली की नट पुन्हा आवळून बघा. आणि आपल्या माणसाचे काही खुपत असेल, तर गाण्याचा आवाज वाढवू नका, सांगून टाका.

आमचे नट तपासायला भालचंद्र करोल बागेहून मेट्रोने येतात. "ए विक्रांत, पाना दे रे," असे म्हणत खाली बसतात, सगळे नट आवळून बघतात आणि मग जेवायला थांबतात. आजवर एकही नट कधी सैल सापडलेला नाही. तरी ते दर रविवारी येतात.