खजुरीने भिजवलेली बॅग

दरवर्षी रत्नागिरीला जायचं ठरलं की मी पलंगावर दोन बॅगा उघडते, आणि दरवर्षी आमची मांजर खजुरी माझ्या नवऱ्याच्याच बॅगेत मुतते. माझ्या बॅगेकडे ढुंकूनही बघत नाही.

बहरीनमधल्या मुहर्रकच्या या फ्लॅटमध्ये तिला खायला घालते मी, तिची वाळू साफ करते मी. ताहिर तिला नुसते मांडीवर घेऊन बसतात. तरी ऐटीत म्हणतात, "मसूदा, बिचारीला माझं जाणं सहन होत नाही गं."

मग धुणार कोण? मीच. कपडे गार पाण्यात भिजवायचे, बॅग व्हिनेगरने पुसायची, वर खायचा सोडा भुरभुरायचा आणि गच्चीवर उन्हात टाकायची. इथल्या उन्हात वास दुपारपर्यंत जातो. माझा राग जात नाही.

यंदा ताहिरना लीव्ह मिळाली नाही, म्हणून भाचीच्या लग्नाला मी एकटीच निघाले. बॅग भरली, चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले. परत येते तर खजुरी माझ्या बॅगेतून उडी मारून पळाली. लग्नात घालायचा नवा ड्रेस ओला, आणि खोलीभर तोच ओळखीचा वास.

"अगो मेल्ये!" मी ओरडले आणि व्हिनेगरची बाटली उचलली.

मग घड्याळ बघितलं. ताहिर शिफ्ट संपवून अर्ध्या तासात येणार होते.

मी बाटली खाली ठेवली. ते येऊन स्वतःच्या नाकाने वास घेईपर्यंत मी खिडकीसुद्धा उघडली नाही.