कालवणाचा वाटा

आमच्या कोळीवाड्यात चौथी पास झालेला मी एकटाच. त्यामुळे कुणाकडे लग्न निघालं, कुणाला नवं जाळं घ्यायचं असलं, की ‘तुळशीरामला बोलवा’ व्हायचं. तुळशीरामचा हिशोब चुकत नाही असं लोक म्हणायचे, आणि लोकांपेक्षा मीच जास्त म्हणायचो.

पंचावन्न सालची गोष्ट. मुंबई बंदरात एका लाँचवर बदली खलाशी म्हणून मी सात महिने काढले होते. वैशाखात साहेबानं बोलावून सांगितलं, तुला कायम करतो, पगार पंच्याऐंशी, सोमवारी येऊन सही कर. मी चार दिवसांची सुट्टी घेतली, भाऊच्या धक्क्यावर रेवसची बोट धरली आणि रेवसपासून चालत घरी आलो. आमच्या नावेचा तांडेल विठोबा. नाव त्याच्या हुकमात चालायची. त्यानं सात महिने माझ्या जागी कुणालाही घेतलं नव्हतं. येतोस की जातोस ते पावसाळ्याआधी सांग, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

माझं ठरलेलंच होतं. बोटीत बसूनच पाकिटाच्या मागच्या बाजूला हिशोब मांडला होता, तो बायकोला, केसरला, वाचून दाखवला. नावेवर वर्षाची सरासरी काढली तर महिन्याला पंचेचाळीस रुपये. माझ्यासकट घरखर्च चाळीस, उरतात पाच. मुंबईत पंच्याऐंशी. त्यातून गाळ्याचं भाडं चार, खाणावळ पंचवीस, चहा, विडी आणि बोटभाडं मिळून सहा. घरी मनीऑर्डर तीस. उरतात वीस.

“म्हंजे म्हयन्याला पंधरा जास्ती,” मी म्हणालो. “तीन वर्सांत घरावर कौलं.”

केसर तांदळाची भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, “आनि तुमी तितं, आमी हितं, त्याचं काय धरलंत?”

“त्याला पैसे पडत न्हायत,” मी म्हणालो, आणि या उत्तरावर स्वतःच खूश झालो.

खरं तर त्या सात महिन्यांत मी आतून पार कोरडा झालो होतो. गाळ्यात आम्ही नऊजण. एकाची पाळी सुटायची तेव्हा दुसऱ्याची लागायची, त्यामुळे ज्याच्या उबेवर आपण पाठ टेकायचो त्याच्याशी बोलणंच व्हायचं नाही. लाँचवर माझा बिल्ला एकशेबारा. ‘एकशेबारा, दोर टाक. एकशेबारा, पाणी काढ.’ तुळशीराम हे नाव महिन्यातून एकदा मनीऑर्डरच्या फॉर्मवर यायचं, तेही मीच लिहायचो. रविवारी धक्क्यावर जायचो, रेवसची बोट सुटेपर्यंत उभा राहायचो आणि परत यायचो. हे मी केसरला सांगितलं नाही. हिशोबात बसणारं नव्हतं ते.

दुसऱ्या दिवशी दुपारी नावा लागल्या. मी मुंबईचा बुशकोट चढवून किनाऱ्यावर गेलो. खिशात लिमलेटच्या गोळ्या होत्या, त्या पोरांना वाटल्या. भेटेल त्याला सांगत सुटलो, कायम झालो म्हणून. रावजी आमच्याच नावेवरचा, तोसुद्धा म्हणाला, “माझ्या भावाचं बी बघ रं तितं.” मी म्हणालो, बघू. जसा काही मीच तिथला साहेब.

आमच्याकडे मोठी मासळी व्यापारी उचलायचा आणि तिचे पैसे महिन्याला मिळायचे. बारीक म्हावरा मात्र, मांदेली, बोंबील, कोलंबी, घरच्या कालवणासाठी तिथेच वाळूत वाटायचा. माणशी एक वाटा. भांडण नको म्हणून नावेचा सगळ्यात म्हातारा माणूस, येसाजीबाबा, वाट्यांकडे पाठ करून बसायचा. तो आता समुद्रावर जात नव्हता, पण हा मान त्याचाच होता. नावेवरचा भिकू एकेका वाट्यावर बोट ठेवून विचारायचा, “ह्यो कुनाचा?” आणि म्हातारा न बघता नाव घ्यायचा. आमच्या नावेचा नियम होता, पाठमोऱ्यानं घेतलेलं नाव खाली पाडायचं नाही. ज्याचं नाव आलं, वाटा त्याचा.

मी मागे उभा राहून मोजलं. नावेवर माणसं सहा आणि वाटे सात. एक देवाचा असेल, असं वाटलं.

“ह्यो कुनाचा?”

“रावजीचा.”

“ह्यो?”

“तुळशीरामचा.”

मला वाटलं आता सगळे हसतील. कुणीच हसलं नाही. केसर टोपली घेऊन पुढे आली, तो वाटा भरला आणि माझ्याकडे न बघता चालू लागली. रोजचं काम करावं तशी.

मी विठोबाला बाजूला घेतलं. “दादा, माझा वाटा कसा?”

विठोबानं जरा आढेवेढे घेतले. “तू गेलास त्याच्या दुसरे दिशी म्हातारा इसरला नि तुजं नाव घेतलं. घेतलेलं नाव पाडायचं कसं? आमी सा जनांनी मूठ मूठ काडून सातवा वाटा केला. तिसरे दिशी परत घेतलं. मंग रोजच सात करतो.”

“सात म्हयने?”

“म्हाताऱ्याला कोन सांगनार? नि घाई बी काय न्हवती. आमाला वाटलं, तू येनारच हायस.”

आमचा आवाज ऐकून येसाजीबाबानं मान वळवली. डोळे अधू झाले होते, पण आवाज ओळखायचा. “तुळशीराम व्हय? आज उतरायला उशीर केलास?”

त्याच्या लेखी मी रोज नावेवर होतो. मी नुसतं “व्हय बाबा” म्हणालो.

घरी येऊन केसरवर चिडलो. “मला लिवलं का न्हाईस?”

“मना लिवता येतं व्हय?” ती म्हणाली.

मी पाकीट परत काढलं. अख्ख्या हिशोबात म्हावऱ्याचा आकडाच नव्हता. कोळ्याच्या घरात माशाला पैसे कोण धरतो? चूल असते, पाणी असतं, तसा म्हावरा असतो. आता धरला. मी नावेवर नसलो की तो विकत घ्यावा लागणार, दिवसाला सहा आणे म्हणजे महिन्याला अकरा रुपये; ते त्या पंधरातून वजा.

“किती ऱ्हायले?” केसरनं विचारलं.

“चार.”

“चार रुपयांसाठी जानार?” मग हातातलं काम टाकून तिनं सरळच सांगितलं, “जाऊ नका.”

मला जायचं नव्हतं. आज इतक्या वर्षांनी हे लिहायला लाज वाटत नाही, की मला त्या क्षणी बुशकोट काढून वाळूत बसावंसं वाटत होतं. पण सगळ्या कोळीवाड्याला सांगून बसलो होतो. लिमलेट वाटल्या होत्या. तुळशीरामचा हिशोब चुकला हे माझ्याच तोंडून कसं निघणार? त्यात पुन्हा, मी मुंबईत वीस रुपये उरवण्याची ऐट मिरवत होतो आणि माझ्या घरी सहाजणांच्या मुठी येत होत्या. पडलो तरी नाक वर, तशातली गत.

सकाळी विठोबाला म्हणालो, “मी जातो, दादा. आनि माझा वाटा आता काडू नका. फुकटचं नको.”

“फुकटचं?” विठोबा माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “बरं. पन म्हाताऱ्याला तूच सांग. आमच्यानं व्हनार न्हाय.”

येसाजीबाबा माडाखाली जाळं सांधत होता. मी त्याच्या कानाशी वाकलो.

“बाबा, आता माझं नाव घेऊ नका. मी नावेवर न्हाय.”

त्याचा हात थांबला. “कवापासनं रं?”

“आजपासनं,” मी म्हणालो.

सोमवारी मी सही केली.

त्यानंतर थेट दिवाळीला आलो. दुपारी किनाऱ्यावर गेलो आणि मागेच उभा राहिलो. वाटे सहा होते. म्हाताऱ्यानं सहा नावं घेतली आणि तसाच पाठमोरा बसून राहिला. शेवटी भिकू म्हणाला, “झालं, बाबा. उठा.”

केसर किनाऱ्यावर दिसली नाही. घरी आलो तर दारात रावजीची बायको ठमाबाई टोपली घेऊन उभी होती आणि केसर सुपात मांदेली घेत होती. घेऊन झाल्यावर तिनं पदराची गाठ सोडली. ठमाबाई मागे सरली. “अगो, शेजारनीकडनं पैसे घेऊ व्हय?”

केसरनं सहा आणे तिच्या मुठीत कोंबले.

“घे गो,” ती म्हणाली. “ह्यांनी हिशोबात धरलंय.”