अखाजीचा मुराळी

माझा धाकटा भाऊ योगराज अर्थतज्ज्ञ आहे. आफ्रिकेतल्या गरीब देशांच्या सरकारांना सल्ले देतो. मुलींच्या नावावर जमीन करा, घराचं भलं होईल, हा त्याचा मुख्य सल्ला. तिथल्या एका मंत्र्याशेजारी उभं राहून हेच सांगतानाचा त्याचा व्हिडिओ मी नशिराबादच्या अख्ख्या गल्लीला दाखवला. भावाचं कौतुक करताना माझी जीभ कधी दमली नाही.

यंदा अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तो स्वतः मुराळी होऊन मला न्यायला आला. बाप गेल्यापासून मला माहेरी न्यायला कुणी फिरकलं नव्हतं. मी नवी साडी नेसले आणि शेजारच्या सुलक्षणाला मुद्दाम हाक मारून सांगितलं, "मना भाऊ उना!"

पाचोऱ्याला दोन दिवस नुसते लाड. खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस. भावजय हेमलताने तर माझे केसही विंचरून दिले. तेव्हाच शंका यायला हवी होती, पण माहेरच्या तुपापुढे बाईची अक्कल चालत नाही.

तिसऱ्या दिवशी गाडी रजिस्ट्रार कचेरीसमोर थांबली. बापाच्या शेतातला माझा वाटा मी सोडते, असं हक्कसोड पत्र तयार होतं. शेत विकायचं ठरलं होतं. गिऱ्हाईकही तिथेच सावलीत उभं होतं.

"तिकडनी बायास्ले जमीन द्या, सांगस ना तू?" मी विचारलं.

"अक्का, ते धोरण शे. हाई आपलं घर शे," तो हसून म्हणाला.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्याने सरळ मागितलं असतं तर मी हसत सही केली असती. आमच्याकडच्या बहिणी करतातच, माहेरचा उंबरा शाबूत राहावा म्हणून. पण त्याने मला अखाजीचं आमिष दाखवलं. बकऱ्याला हार घालून नेतात तसं नेलं.

आत साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, स्वखुशीने सही करताय ना?"

"नही."

योगराजने मला दंडाला धरून बाहेर आणलं. आता तो 'चुकलो' म्हणेल, म्हणून मी वेड्यासारखी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले. म्हणाला असता, तर मी परत आत जाऊन सही केली असती.

तो जवळ आला, गिऱ्हाईकाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला, "बोल अक्का, कितला पैसा पाहिजे तुले?"