आईच्या वाटचा प्याला

सावेता मावशीने पेटत्या मेणबत्तीसह आलुबुखाराच्या दारूचा प्याला कबरीवरून पलीकडे धरला. विओरेलने हात पुढे केला नाही.

“घे की रे. तुझ्या आईच्या नावाने देतेय. तू नाकारलंस तर तिकडे ती तहानलेली राहील.”

त्याने वसंत ऋतूपासून दारू सोडली होती, हे मावशीला ठाऊक होतं. पण वर्षश्राद्धाचा प्याला तिच्या हिशेबी दारूत धरत नसत.

शेजारी धाकट्या भावाने, तिबीने, आपल्या प्याल्यातली थेंबभर मातीवर सांडली, दोन घोट घेतले, उरलेला प्याला कठड्यावर ठेवला आणि तो पाद्रीबुवांशी रस्त्याच्या कामाबद्दल बोलू लागला. प्याल्याकडे पुन्हा वळूनही पाहिलं नाही त्याने. विओरेलचा जळफळाट झाला. इतकं सोपं असतं कुणाला तरी!

तान्ह्या विओरेलला आईबापांनी सरकारी शिशुगृहात ठेवलं होतं. तिथे दुधाची बाटली पाळण्याच्या गजाला बांधून जात. चार वर्षांचा होऊन तो घरी आला, तेव्हा आईच्या मांडीवर तिबी होता. याश शहरातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, “तान्हेपणी ज्याला कुणी उचलून घेत नाही, त्याच्या मेंदूत सुखाचा संदेश टिपणाऱ्या जागा नीट घडत नाहीत. पुढे दारू तिथे लवकर पाय रोवते. दोष तुमचा नाही. धोका मात्र तुमचाच.”

म्हणजे आईची मांडीही तिबीची आणि अर्ध्यावर थांबणंही तिबीचंच.

“हात दुखला माझा,” मावशी म्हणाली.

विओरेलने प्याला घेतला. वास थेट घशात उतरला.  मग त्याने प्याला पालथा केला आणि सगळी दारू आईच्या मातीत जिरेपर्यंत तो हलला नाही.

“अरे, थेंबभर ओतायची असते!”

“तिला लागेल, मावशी.”

तिबी बोलता बोलता थांबला. जवळ येऊन ओल्या मातीकडे पाहत राहिला.

“मी तिला कधी थेंबाच्या वर दिली नाही, दादा.”

“तुला कशाला द्यावी लागेल?”

 तिबीची नजर मातीवरून हलत नव्हती. ती नजर विओरेलने तत्काळ ओळखली; इतकी वर्षं तिबीकडे पाहताना ती त्याची स्वतःची होती.